छापील किंमत खरी असू द्या

मार्च महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या कार्यालयात, म्हणजे कोल्हापुरातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवरच्या दोन खोल्यांत, एक गृहस्थ आले होते. शेजारच्या तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचे ते कार्यवाह, पेशाने निवृत्त शिक्षक. अनुदानाचा हप्ता नुकताच जमा झाला होता आणि ३१ तारखेच्या आत ग्रंथखरेदीची बिले लावायची होती. टेबलावरची आमची तीन-चार नवी पुस्तके त्यांनी हाताळली, त्यातल्या एकाची चार पाने उभ्याउभ्याच वाचली, “चांगलं काढलंय” असे मनापासून म्हणाले आणि पुस्तक उलटून त्याची किंमत न बघताच विचारले, “सूट किती देता?” मी तीस टक्के म्हटल्यावर त्यांनी पुस्तक होते तिथे ठेवले. “साठवाला कालच येऊन गेला,” ते म्हणाले. आवाजात ना तक्रार होती, ना घासाघीस. बाजारात जो भाव चालू आहे तो त्यांनी मला फक्त कळवला.

किंमत न बघता सवलत विचारणे हे त्या गृहस्थांचे वैशिष्ट्य मुळीच नव्हे. ग्रंथप्रदर्शनात येणारा वाचक, शाळेसाठी यादी घेऊन येणारे मुख्याध्यापक, महाविद्यालयाचे ग्रंथपाल, लग्नात आहेर म्हणून पन्नास प्रती नेणारे हौशी यजमान, सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. मराठी पुस्तकाच्या मलपृष्ठावर जो आकडा छापलेला असतो, तो ते पुस्तक कितीला विकले जाणार हे सांगत नाही. सवलत कुठून मोजायला लागायचे, एवढेच तो सांगतो. मराठी प्रकाशनव्यवसायाच्या दुखण्यांची चर्चा निघाली की वाचक कमी झाला, मोबाइल आला, मुले इंग्रजी माध्यमात गेली ही कारणे पुढे येतात आणि त्यात तथ्यही आहे. परंतु आमच्यासारख्या, वर्षाला सहा-आठ पुस्तके काढणाऱ्या छोट्या प्रकाशकाला वाचकाच्या अभावाहून अधिक जाचते ती ही खोटी छापील किंमत. आणि ती खोटी राहण्यात सार्वजनिक पैशाचा मोठा वाटा असल्यामुळे हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा आपसातला राहत नाही, असे माझे म्हणणे आहे.

एका पुस्तकाचा हिशेब उघड करून दाखवतो. डेमी आकाराचे २०० पानांचे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या साडेबारा फर्म्यांचे पुस्तक आहे. एके काळी मराठीत आवृत्ती म्हटली की अकराशे प्रती असे गृहीत असायचे. आज आम्ही ५०० छापतो आणि तेही धाडसच ठरते. कागद, छपाई आणि बांधणी मिळून प्रतीमागे ७८ रुपये, म्हणजे ५०० प्रतींचे ३९ हजार होतात. अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी ७ हजार, दोन हात मुद्रितशोधन ५ हजार, मुखपृष्ठ ६ हजार आणि संपादन ८ हजार. संपादनाला याहून अधिक द्यायला हवे हे मला कळते, पण जमत नाही. सगळे मिळून ६५ हजार झाले. पाचशेतल्या पन्नास प्रती विकण्यासाठी नसतातच: लेखकाच्या पंचवीस, अभिप्रायार्थ काही, १९५४ च्या कायद्यानुसार चार ग्रंथालयांकडे स्वखर्चाने पाठवायच्या काही आणि बांधणीत पाने उलटसुलट लागलेल्या दोन-चार. उरलेल्या ४५० वर खर्च वाटला की प्रत १४४ रुपयांना पडते. वितरकाला ४५ टक्के द्यायचे आणि लेखकाला छापील किमतीच्या १० टक्के मानधन. पुस्तकाची किंमत ३०० ठेवली तर माझ्या हातात १६५ येतात, त्यातले ३० लेखकाचे, म्हणजे प्रत विकण्याचे मला ९ रुपये पदरचे घालावे लागतात. म्हणून किंमत ४०० छापायची. मग २२० येतात, ४० लेखकाला जातात आणि प्रतीमागे ३६ रुपये शिल्लक दिसतात. दिसतात म्हणायचे, कारण ४५ टक्के हा आकडा करारावरचा असतो. प्रदर्शनातली जादा सवलत, शाळांची मागणी, वर्षअखेरीला वितरकाने मागितलेले पाच टक्के हे सगळे धरून सरासरी ५० वर जाते आणि ३६ चे १६ होतात. खोल्यांचे भाडे, एका मदतनिसाचा पगार आणि टपालखर्च अजून यात धरलेलाच नाही. शिवाय हे पैसे यायला वर्ष-दीड वर्ष लागते.

आता या ४०० रुपयांचे पुढे काय होते तेही पाहू. वितरक विक्रेत्याला २५-३० टक्के देतो, विक्रेता गिऱ्हाइकाला १५-२० टक्के सोडतो. वाचक ३२० ते ३४० रुपये मोजतो आणि साठ-ऐंशी रुपये वाचवल्याच्या समाधानात घरी जातो. वस्तुतः ते साठ-ऐंशी रुपये कोणी कमावलेच नव्हते, तर वाचवणार कोण? सवलत द्यायची म्हणूनच ते किमतीत आधी मिळवले होते. साडीच्या दुकानात हा खेळ चालतो आणि गिऱ्हाइकालाही तो कळत असतो. पुस्तकाच्या बाबतीत मात्र याचा परिणाम उलटा होतो. सवलत न पाहता, दुकानाच्या काचेतून नुसती छापील किंमत पाहणारा जो नवखा वाचक असतो, तो “दोनशे पानांना चारशे रुपये?” म्हणून आत पाऊलच टाकत नाही.

साठ टक्के देणाऱ्याला ते कसे परवडते? आमचे ४०० चे पुस्तक त्या दराने दिले तर १६० हातात येतील, लेखकाचे ४० गेल्यावर १२० उरतील आणि १४४ चा खर्चही भरून निघणार नाही. त्याला परवडते, कारण त्याचे पुस्तक वेगळ्या रीतीने तयार झालेले असते. ९६ पाने, मोठा टाइप, जाड कागद, किंमत ३००. मजकूर इकडून तिकडून जमवलेला, थोरांची चरित्रे किंवा सुविचार, मुखपृष्ठावर संगणकावरचे तयार चित्र. संपादन नाही, मुद्रितशोधन नाही, मानधन नाही. नाहीतर साठ वर्षांचा स्वामित्वहक्क संपलेल्या लेखकाचे पुस्तक पुन्हा छापलेले असते. त्यात गैर काहीच नाही, उलट जुनी पुस्तके उपलब्ध राहतात. पण त्यातही जुन्या आवृत्तीतल्या चुकांत नव्या चुकांची भर घालून छापणारेच अधिक भेटतात. अशी पुस्तके वाचकाने मागितलेली नसतात. ती वाचनालयात जातात, त्यांची दाखल नोंदवहीत नोंद होते, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटते आणि पुढच्या तपासणीपर्यंत ती कपाटातून हलत नाहीत. एका वाचनालयात मी सहज एक कपाट उघडून पाहिले होते. सलग दोन फळ्यांवरच्या पुस्तकांमागची देवघेवीची चिठ्ठी कोरी होती आणि कित्येकांची पाने कडेला जोडलेलीच राहिली होती. छापखान्यात जी कापायची राहिली, ती वाचकाच्या हाताने सुटी झालेली नव्हती.

याचा दोष वाचनालयाच्या कार्यकर्त्यांवर टाकणे सोपे आहे आणि प्रकाशकांच्या बैठकीत तो तसा टाकलाही जातो. मला ते पटत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली आला. आज राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालये आहेत, इतके विस्तृत जाळे असणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि ती बहुतांशी गावातल्या हौशी माणसांनी चालवलेली आहेत. मध्यंतरी अनुदानात साठ टक्के वाढ झाली. तरीही ‘ड’, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला मिळणारी रक्कम त्या वाढीनंतरही पन्नास हजारांच्या आतच राहिली. त्यातून ग्रंथपालाचे तुटपुंजे वेतन, वर्तमानपत्रे, वीज आणि भाडे भागवून पुस्तकांना दहा-बारा हजार उरतात. १२ हजारांत आमची ४०० रुपयांची पुस्तके तीस टक्क्यांनी घेतली तर ४२ येतात. त्याच किमतीची साठ टक्क्यांवाल्याची घेतली तर ७५. आणि वाचनालयाचा दर्जा ज्या गोष्टींवर ठरतो, त्यात ग्रंथसंख्या हा एक ठळक निकष आहे. तपासणीला येणारा अधिकारी पुस्तके मोजतो. त्याच्या मोजणीत आठशे पानांचा संदर्भग्रंथ एक आणि ४८ पानांची चोपडीही एकच. अशा नियमांखाली काम करणाऱ्या माणसाने ४२ ऐवजी ७५ निवडली तर तो शहाणाच म्हणायचा. नियमच त्याला ढिगाकडे ढकलतो.

बिलावर एक सवलत आणि प्रत्यक्षात दुसरी, असेही प्रकार घडतात हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मलाही एकदा एका ठिकाणी “बिल वीस टक्क्यांचं करा, बाकीचं आपण बघू” असे सांगण्यात आले होते. मी ती ऑर्डर सोडली. पण त्या वर्षी सोडणे शक्य होते म्हणून सोडली, हेही कबूल केले पाहिजे. जिथे छापील किंमत आणि खरी किंमत यांच्यात दोनशे रुपयांची पोकळी असते, तिथे कोणाचा ना कोणाचा हात जाणारच. पोकळी बुजवल्याशिवाय हात पकडण्याच्या मोहिमा काढून काही साधत नाही.

या खेळात लेखकाचे काय होते, यावर मात्र फारसे बोलले जात नाही. मानधन छापील किमतीवर असल्यामुळे फुगलेल्या किमतीत त्याचा फायदा होतो, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात फुगलेल्या किमतीची प्रत पन्नास-साठ टक्क्यांनी गेली की प्रकाशक मानधनाचा हिशेब लांबवतो, मग “विक्रीच्या प्रत्यक्ष रकमेवर” असे शब्द करारात शिरतात आणि शेवटी नव्या लेखकाला मानधनच दिले जात नाही. उलट त्याच्याकडूनच छपाईचा खर्च घेतला जातो. लेखकाच्या पैशाने पुस्तक काढणाऱ्या प्रकाशकाला ते विकण्याची निकड नसते, त्याचा नफा छापण्याआधीच झालेला असतो. असे पुस्तक कितीही सवलतीने फुंकता येते. म्हणजे जो प्रकाशक स्वतःचे पैसे गुंतवतो, संपादनावर खर्च करतो आणि लेखकाला मानधन देतो, त्याची स्पर्धा ज्याचा खर्चच शून्य आहे अशा पुस्तकाशी लागते, आणि स्पर्धेचे एकमेव परिमाण सवलतीची टक्केवारी हे असते.

त्यातच ज्या खर्चांवर आमचा काहीच ताबा नाही, ते वाढत चालले आहेत. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, हे ऐकायला छान वाटते. पण पुस्तक करमुक्त असल्यामुळेच कागदावर आणि छपाईवर भरलेला कर आम्हाला वजा करून मिळत नाही. तो सगळा पुस्तकाच्या किमतीत मुरतो. सप्टेंबर २०२५ मधल्या बदलांत वह्या आणि वह्यांचा कागद शून्यावर आला, पण पुस्तकांचा कागद १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. शाळेच्या वहीला जो न्याय दिला तो शाळेबाहेरच्या पुस्तकाला का दिला नाही, हे मला उमगलेले नाही. टपालाचेही असेच. नोंदणीकृत बुक पोस्ट ही सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. एकेक पुस्तक थेट वाचकाला पाठवून जगणाऱ्या छोट्या प्रकाशकाचा तो कणा होता. नंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले, त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये अधिक कर असे दर आहेत. आमचे २०० पानांचे पुस्तक खाकी कागद आणि पुठ्ठ्यासकट २६० ग्रॅम भरते, त्यामुळे ते पहिल्या टप्प्यात बसते; त्याबद्दल आभारच मानले पाहिजेत. पण वाचक तुलना करतो ती ऑनलाइन बाजारातल्या घरपोच फुकट सेवेशी. तिथे तेच पुस्तक पंचवीस टक्के कमी किमतीला दिसते आणि टपालखर्चही नसतो. ही दोन्ही ओझी अखेर प्रकाशकाच्याच टक्केवारीतून उचलली जातात, हे वाचकाला दिसण्याचे कारण नाही.

छोटा प्रकाशक बुडाला तर बुडू द्या, मोठे आहेतच, असेही म्हणता येईल. त्याला उत्तर म्हणून भावनेची गोष्ट सांगणार नाही, इतिहासातली सांगतो. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला आणि महाराष्ट्रात गदारोळ उडाला, तो काढणारे ह. वि. मोटे कोणी बडे भांडवलदार नव्हते. १९७८ चे दया पवारांचे ‘बलुतं’ ग्रंथालीने काढले, आणि ग्रंथाली तर वाचकांच्याच बळावर उभी राहिलेली चळवळ होती. अरुण कोलटकरांच्या कविता अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने छापल्या, तेही खपाचे गणित मांडून नव्हे. मोठ्या संस्थांनीही मराठीत धाडसाची पुस्तके काढली आहेत, त्यांचे श्रेय मला कमी करायचे नाही. पण ज्या लेखकाचे नाव अजून कोणी ऐकलेले नाही, ज्या बोलीत अजून पुस्तकच झालेले नाही, त्याची संहिता बहुधा पहिल्यांदा एखाद्या दोन खोल्यांच्या कार्यालयातच वाचली जाते. तिथे ती वाचायला वेळ असतो. साठ टक्क्यांच्या बाजारात हा वेळच परवडेनासा होतो.

सवलतीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते मी टाळू इच्छीत नाही. पुस्तक महाग, वाचक गरीब, सवलत दिली नाही तर तो वाचणार कसा, हा पहिला आक्षेप. माझे म्हणणे इतकेच की त्या वाचकासाठी किंमतच कमी छापा. सवलत न देता आमचे २०० पानांचे पुस्तक किती रुपयांना देता येईल याचा हिशेब मी मांडून पाहिला. किंमत २६० ठेवायची, विक्रेत्याला आणि थेट घेणाऱ्या ग्रंथालयाला २५ टक्के, वाचकाला काही नाही. हातात १९५ येतात. किंमत उतरल्याने लेखकाचे नुकसान होऊ नये म्हणून मानधन १० ऐवजी साडेबारा टक्के केले तर त्याला साडेबत्तीस रुपये मिळतात. पूर्वीच्या ४० पेक्षा कमी, पण वेळेवर. १४४ चा खर्च वजा जाता मला साडेअठरा रुपये उरतात, फुगवलेल्या किमतीत उरणाऱ्या १६ पेक्षा थोडे अधिकच. विक्रेत्याला प्रतीमागे ६५ रुपये सुटतात. पूर्वी गिऱ्हाइकाला सोडून त्याच्याकडे चाळीस-पन्नास उरत असत. वाचक ३२० ऐवजी २६० देतो. यात वितरक बसत नाही, हा या हिशेबातला खरा दोष आहे. वितरक ठेवायचा तर, ग्राहकसवलत नसल्याने त्याचा वाटा ४५ टक्क्यांहून कमी धरूनही, किंमत ३०० च्या घरात जाते, आणि दूरच्या जिल्ह्यांत वितरकाशिवाय पोहोचणे अवघड आहे. तरीही ३०० ची खरी किंमत ४०० च्या खोट्या किमतीपेक्षा सगळ्यांना सोसण्यासारखी आहे. प्रकाशनपूर्व सवलत मात्र मी वेगळी धरतो. तिथे वाचक आधी पैसे देऊन प्रकाशकाचे भांडवल उभे करतो, त्या भांडवलाचे व्याज म्हणून त्याला चार पैसे कमी लागले तर तो सरळ व्यवहार आहे.

दुसरा आक्षेप असा की प्रकाशकांनी आधी आपले घर आवरावे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तीनशे प्रती छापून “दुसरी आवृत्ती” म्हणणारे, लेखकाला वर्षानुवर्षे विक्रीचे विवरण न पाठवणारे, प्रदर्शनात “कोणतेही पुस्तक १०० रुपये”चा फलक लावणारे आमच्यातलेच आहेत. मीही एका वर्षी, भाडे थकल्यावर, गोदामातले गठ्ठे पासष्ट टक्क्यांनी एका पुरवठादाराला दिले. आठ महिन्यांनी त्यातल्याच प्रती रस्त्यावरच्या प्रदर्शनात दिसल्या, तेव्हा त्या पुस्तकाचा लेखक माझ्यासोबत होता. तो काही बोलला नाही. एकट्यादुकट्या प्रकाशकाने सवलत बंद करणे म्हणजे दुकान बंद करणे, म्हणून सगळे एकमेकांकडे पाहत तेच करत राहतात. नियम बाहेरूनच यावा लागतो, तो याचसाठी.

असा नियम जगात नवा नाही. फ्रान्सने १९८१ साली कायदा केला, त्याने पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि वाचकाला पाच टक्क्यांहून अधिक सवलत कोणालाच देता येत नाही. पुढे २००३ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांच्या सवलतीवरही नऊ टक्क्यांची मर्यादा आली आणि अलीकडे, २०२३ पासून, ३५ युरोंखालच्या नव्या पुस्तकांच्या ऑनलाइन मागणीवर किमान तीन युरो घरपोच-शुल्क आकारणे सक्तीचे झाले, म्हणजे फुकट पोहोचवण्याच्या आडून सवलत देण्याचा मार्गही बुजवला. ब्रिटनने याउलट केले. तिथे १९०० पासून चालत आलेला निव्वळ किमतीचा करार १९९० च्या दशकात मोडला आणि सवलत मोकळी झाली. आपल्याकडे वाचकाला द्यायच्या सवलतीवर बंधन घालायचे झाले तर २००२ चा स्पर्धा कायदा आडवा येईल, कारण पुनर्विक्रीची किंमत बांधून देण्याकडे तो संशयाने पाहतो. त्यासाठी केंद्राने वेगळा विचार करावा लागेल आणि तो लवकर होईल अशी माझी अपेक्षा नाही.

पण राज्य शासनाला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अनुदानाचा पैसा शासनाचा आहे आणि तो कसा खर्च व्हावा याचे नियम शासनच करते. अनुदानातून होणाऱ्या खरेदीत पंचवीस टक्क्यांहून अधिक सवलतीचे बिल ग्राह्य धरू नये, एवढा एक नियम झाला तरी फुगवलेल्या किमतीचे पुस्तक एका रात्रीत निरुपयोगी होईल. ३०० किंमत छापलेले ९६ पानांचे पुस्तक खऱ्याखुऱ्या २२५ रुपयांना कोण घेईल? सवलत बांधल्यावर किमती उतरतील की प्रकाशक फुगवलेल्या किमतीच कायम ठेवून अधिक नफा कमावतील, अशी शंका येऊ शकते. काही जण तसे करतील. म्हणून त्याबरोबर दुसरे काम हवे: तपासणीत नुसती पुस्तकांची संख्या मोजणे थांबवून देवघेवीची नोंद मोजावी. वाचनालयाने घेतलेल्या पुस्तकांपैकी किती वाचकांच्या घरी जाऊन आली, हे दाखल रजिस्टरशेजारीच ठेवलेल्या वहीतून कळते, त्याला संगणकसुद्धा लागत नाही.

तिसरी गोष्ट नव्या पुस्तकांच्या खरेदीची. नॉर्वेत १९६५ पासून तिथली कला परिषद किमान दर्जाच्या कसोटीला उतरलेल्या नव्या नॉर्वेजियन ललित पुस्तकांच्या शेकडो प्रती विकत घेऊन देशभरच्या सार्वजनिक ग्रंथालयांना पोहोचवते. त्या देशाची लोकसंख्या मुंबई महानगराच्या निम्मीही नाही. आपल्याकडे ग्रंथालय संचालनालयाची निवडयादी आणि केंद्राच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजना आहेतच, पण त्यांतून एखाद्या छोट्या प्रकाशकाला पुढच्या पुस्तकाचे नियोजन करता येईल असा भरवसा मिळत नाही. वर्षाला ३०० नवी मराठी पुस्तके, प्रत्येकी ५०० प्रती, सरासरी २०० रुपयांनी घ्यायची म्हटली तर ३ कोटी रुपये लागतात. अलीकडच्या वर्षांत एकेका अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला शासनाने २ कोटी दिले आहेत. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाल्यापासून भाषेसाठी काय काय करायचे याच्या याद्या सतत वाचायला मिळतात, त्यात भवने, अध्यासने आणि उत्सव असतात. शेजारच्या कर्नाटकात मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर आहे, आपल्या अधिनियमात तो नाही. तो आणण्याची मागणी जुनी आहे आणि ती पुन्हा लावून धरायला हवी. निवड समितीत आपली माणसे घुसवण्याचे राजकारण होईल हे उघड आहे. निवडीची कारणे प्रत्येक पुस्तकापुढे दोन ओळींत जाहीर करायची सक्ती केली तर ते थांबणार नाही, पण लाजेल तरी.

गेल्या वर्षी आम्ही कोल्हापूर परिसरातल्या गुऱ्हाळांवरचे एक पुस्तक काढले. काहिली, चुलवाण, गुळव्याची नजर, पोरांनी ओंजळीत घेतलेली गरम काकवी, सगळे त्यात आहे. २०० पाने, किंमत २६०, आणि आतल्या पानावर छापले, “या पुस्तकावर ग्राहकसवलत नाही.” वितरकाने दोन गठ्ठे न उघडताच परत पाठवले, आम्ही बांधलेल्या सुतळीच्या गाठी तशाच होत्या. दुकानांनी थोडे नेले, काही वाचकांनी थेट मागवले, नऊ महिन्यांत २३० प्रती गेल्या. हे यश म्हणावे की अपयश, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

या मार्चमध्ये ते कार्यवाह पुन्हा आले. या वेळी मी त्यांच्यापुढे सगळा हिशेब मांडला. २६० चे पुस्तक त्यांना पंचवीस टक्के वजा जाता १९५ ला पडते आणि साठवाल्याचे ४०० चे पुस्तक १६० ला. ते शिक्षकच, त्यांनी बिलबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने भागाकार केला. १२ हजारांत इकडे ६१, तिकडे ७५. “पुस्तक तुमचंच चांगलं आहे ओ,” ते म्हणाले, “पण चौदा कमी भरतात. उद्या तपासणीला काय दाखवू?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी गुऱ्हाळांच्या पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या, बिल तीन प्रतींत करून घेतले आणि उरलेल्या ५९ पुस्तकांसाठी की ७२ साठी, ते काही न सांगता जिना उतरून गेले.